‘क्ष’ची जागा

सुभद्रा घाडीचा मला हेवा वाटायला लागला त्या दिवसाची तारीख मला सांगता येणार नाही, पण वाक्य सांगता येईल. माझ्या चाळीस पानी लेखाची तिने अकरा पानं केली होती आणि ती वाचून आमचे हे म्हणाले, "अगं, हे तर मलासुद्धा कळलं!"

आमचे हे म्हणजे रमाकांत क्षीरसागर. विमा कंपनीतून निवृत्त, सकाळी शिवाजी पार्कला तीन फेऱ्या आणि मग शब्दकोडं. बेचाळीस वर्षं गणिताच्या प्राध्यापिकेशी संसार करून त्यांना माझ्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. याचं मला, खरं सांगायचं तर, वाईट वाटत नसे. आपला विषय सोम्यागोम्याला कळत नाही यात एक प्रतिष्ठा असते. ती सुभद्राने तीन दिवसांत घालवली.

मी दादरच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं गणित शिकवलं. सुभद्रा त्याच कॉलेजच्या लायब्ररीत होती. काळाचौकीच्या चाळीतली, गिरणीकामगाराची मुलगी. नोकरी करता करता तिने ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि आयुष्यभर पुस्तकांची कार्डं लिहिली, याद्या केल्या, सूच्या केल्या. आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. मी तिला माझी मैत्रीण म्हणायचे. मी तिला ‘तू’ म्हणायचे आणि ती मला ‘मॅडम, तुम्ही’. यात काही खटकण्यासारखं आहे, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मला एक कल्पना सुचली. हो, मला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे. शाळेत आपण सगळ्यांनीच ‘सरळरूप द्या’ आणि ‘चढत्या क्रमाने लिहा’ ही उदाहरणं सोडवलेली असतात. माझ्या मनात आलं, सगळ्या विद्या शेवटी ही दोनच कामं करतात. पसारा कमी करायचा आणि उरेल ते ओळीत लावायचं. मग प्रत्येक विषयाच्या माणसाला बोलावून विचारलं तर, की बाबा रे, तुमच्याकडे हे कसं चालतं?

अशी दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या घरी बैठक सुरू झाली. रसायनाचे गद्रे, भाषाशास्त्राच्या कोल्हटकर बाई, वनस्पतिशास्त्राचे हळबे, आणखी दोघे-तिघे, सगळे निवृत्त, सगळे बोलायला उतावीळ. गद्रे सांगायचे, मूलद्रव्यं वजनाच्या क्रमाने लावायला घेतली तेव्हा टेल्युरियम जड असूनही आयोडीनच्या आधी बसवावं लागलं. गुण बघितले तर जागा तीच होती, मग वजन काय म्हणतं ते बाजूला ठेवावं लागलं. कोल्हटकर बाई म्हणायच्या, लोकांच्या जिभेएवढा मोठा संपादक नाही. ‘दुग्ध’चं ‘दूध’ आणि ‘चक्र’चं ‘चाक’ तिने केलं, कोणी सरकारी आदेश काढला नव्हता. हळब्यांचं म्हणणं, झाडांना आपलं कूळ माहीत नसतं, ते आपल्या सोयीसाठी असतं, आणि म्हणून दर वीस वर्षांनी ते बदलून आमची पाठांतरं फुकट जातात.

मी अंशतः क्रम समजावून सांगितला. गणितात असेही संच असतात की ज्यांतल्या काही जोड्यांमध्ये लहान-मोठं ठरतच नाही. फणस मोठा की मंगळवार मोठा, असा प्रश्नच नसतो. दोघं आपापल्या जागी असतात, तुलना नसते. चौतीस वर्षं हे मी फळ्यावर लिहून दिलं. ते स्वतःच्या अंगाला लावून घेणं मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

सुभद्रा यात आली ती माझ्यामुळे. "तुझं अक्षर चांगलं आहे, लिहून ठेवत जा," असं मीच तिला म्हटलं होतं. ती वही घेऊन बसायची, फारसं बोलायची नाही. एकदाच बोलली. गद्रे आणि हळबे क्रम महत्त्वाचा की नियम महत्त्वाचा यावर तावातावाने भांडत होते. ती म्हणाली, "सर, लायब्ररीत शोधणाऱ्याला क्रम दिसता कामा नये. पुस्तक दिसलं पाहिजे." गद्र्यांनी ते वाक्य डायरीत लिहून घेतलं. माझं एकही वाक्य त्यांनी कधी डायरीत लिहून घेतलं नव्हतं, हे मी तेव्हाही पाहिलं.

गिरगावात अवधूतचं छोटं प्रकाशन आहे. तो माझा जुना विद्यार्थी. त्याला मी म्हटलं, याचं पुस्तक करू. सगळ्यांनी लेख लिहिले. दोन महिन्यांनी तो लेखांची पिशवी परत घेऊन आला.

"मॅडम, रागवू नका," तो म्हणाला. "हे छापलं तर विकत घ्यायला तुम्ही सात जणच याल. आणि तुम्हाला तर मला फुकट द्यावं लागेल."

मी रागावले. मग त्या तावात, आमच्या बैठकी किती रंगतात हे त्याला कळावं म्हणून, सुभद्राच्या तिन्ही वह्या त्याच्या हातात दिल्या. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे. आठवड्याने त्याचा फोन आला. "मॅडम, पुस्तक या वह्यांत आहे. सुभद्राताईंनी लेखांतलं हवं तेवढं यात घेऊन बांधून दिलं की झालं."

मग सुभद्रा आमचे लेख कापायला बसली. माझ्या लेखाच्या वेळी ती माझ्याच डायनिंग टेबलावर बसायची, हातात पेन्सिल. एकेका वाक्याखाली पेन्सिल धरून विचारायची, "मॅडम, हे काढलं तर काय पडतं?" जसं काही घरातली भिंतच काढायची आहे. मी विचार करायचे. काहीच पडत नसे. ती हलकेच रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक रेघेला माझं एक वाक्य जायचं आणि प्रत्येक रेघेनंतर लेख सुधारायचा, आणि यांतलं दुसरं मला जास्त सहन होत नव्हतं.

नावावरून तर कहरच झाला. मी नाव सुचवलं होतं, ‘सुलभीकरण व क्रमनिर्धारण : एक आंतरविद्याशाखीय विमर्श’. अवधूतने ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि पाणी प्यायला. सुभद्रा म्हणाली, "‘गाळणी आणि रांग’ ठेवलं तर?" सगळे एकदम हसले, टाळ्याबिळ्या वाजल्या, कोल्हटकर बाईंनी तिचा गालगुच्चा घेतला. त्या आठवड्यात गद्र्यांनी तिला शाईचं पेन आणून दिलं. मला बासष्टाव्या वाढदिवशी त्यांनी कॅलेंडर दिलं होतं.

मी कोणाजवळ बोलले नाही. कोणाजवळ बोलणार? ‘माझी मैत्रीण माझ्यापेक्षा सोपं लिहिते’ ही काय तक्रार झाली? हे घरी असले की मी भांडी जोरात ठेवायचे. ते कोड्यातून मान वर करून विचारायचे, "काय झालं?" आणि मी म्हणायचे, "काही नाही."

शेवटी एका शुक्रवारी दुपारी पुस्तकाची प्रुफं आली. पहिलं पान उघडलं. ‘गाळणी आणि रांग’. खाली, ‘संपादन : सुभद्रा घाडी’.

हे ठरलेलंच होतं. अवधूतने सगळ्यांसमोर विचारलं होतं आणि मीही मान हलवली होती. पण मान हलवणं वेगळं आणि छापलेलं बघणं वेगळं. मी पानं उलटली. पुस्तक संवादासारखं बांधलेलं होतं. बोलणाऱ्यांची नावं नव्हती, विषय होते. ‘गणित म्हणते’, ‘रसायन म्हणते’, ‘भाषा म्हणते’. कोण काय म्हणालं हे शोधायचं तर मागे सूची होती, चौदा पानांची, सुभद्राने केलेली. अर्थातच मी आधी स्वतःला शोधायला गेले. असं न करणारा लेखक मला अजून भेटायचाय.

क्षीरसागर. शेवटचं पान. कॉलेजच्या मस्टरवर चौतीस वर्षं माझं नाव शेवटी होतं. मुलं मला ‘क्ष बाई’ म्हणायची, एक तर आडनाव आणि दुसरं म्हणजे ‘समजा क्ष ही अज्ञात संख्या आहे’. ह, ळ, क्ष, ज्ञ. पहिलीतल्या पोराला विचारा, तेही हेच सांगेल. मी ‘ह’ काढला. हळबे होते, आठ पानांचे आकडे घेऊन. मग ‘हात’, मग ‘हेत्वाभास’. आणि मग कोरी जागा. सूची संपली होती.

मी ते पान तीन वेळा पाहिलं. मग पाठीमागचं पान पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं. हळबे होते, ज्यांना दोन मंगळवारांत झोप लागली होती, आणि मी नव्हते. कल्पना माझी, घर माझं, चहा माझा, आणि अख्ख्या पुस्तकात मी कुठेच नाही. आधी माझी एकोणतीस पानं कापली, आणि आता मला!

राग आला की माणूस खरं बोलतो म्हणतात. साफ चूक. राग आला की माणूस वाटेल ते बोलतो. मी अवधूतला फोन लावला.

"सुभद्रा संपादक? तिची पात्रता काय रे?" मी म्हणाले. "ती कारकून आहे. आम्ही बोललो ते तिने उतरवून घेतलं, एवढंच. तिचं नाव संपादक म्हणून छापलंस तर या पुस्तकामागे एकही प्राध्यापक उभा राहणार नाही. मी स्वतः सगळ्यांना सांगेन. आणि माझं गणित वापरायला मी तुला परवानगी दिलेली नाही, हे लक्षात ठेव."

मग तो म्हणाला, "मॅडम, पण सूचीत..."

"सूचीचं मला सांगू नकोस!"

तो बिचारा माझ्याकडून छड्या खाल्लेला नसला तरी शून्य मार्क खाल्लेला होता. हळू आवाजात म्हणाला, "मग काय छापू?" मी सांगितलं. मी क्षणभरही थांबले नाही, म्हणजे ते वाक्य माझ्या आत आधीपासून तयार होतं. ‘संपादन : सरोजिनी क्षीरसागर व मंगळवार मंडळ’.

रविवारी सकाळी हे प्रुफं चाळत बसले होते. पुस्तकात कोड्यांबद्दल काही आहे का ते सूचीत बघत होते.

"कोडी, पान एकशे बारा," ते म्हणाले. "वा. आणि अगं, तुझे केवढे आकडे आहेत! एकेचाळीस! गद्र्यांच्या दुप्पट."

"कुठे?" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

"इथे. कोडी, कोल्हटकर, क्रम, क्षीरसागर. मग ‘ख’ सुरू."

मी हात पुसत बाहेर आले. होतं. सूचीच्या डोक्यावर बारीक अक्षरात एक ओळही होती : ‘जोडाक्षराने सुरू होणारे शब्द पहिल्या अक्षराखाली पाहावेत.’ मला आठवलं, लायब्ररीत तिचा नियमच होता. क्ष म्हणजे क आणि ष, त्याला वेगळं घर कशाला? जगातल्या निम्म्या कोशांत क्ष शेवटी असतो आणि निम्म्यांत ‘क’मध्ये, यावर ती नव्या पोरींना तासभर सांगायची. आणि मी, जी परीक्षेत ‘आधी प्रश्न वाचा, मग सोडवा’ म्हणून जन्मभर ओरडत आले, ती एक ओळ न वाचता शेवटच्या पानावर धावले होते.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. मनाशी म्हटलं, उद्या अवधूतला फोन करते.

सोमवारी मी फोन केला नाही. कारण सरळ सांगते, उगाच आढेवेढे नकोत. मला माझं नाव तिथे छापलेलं बघायचं होतं. चूक कळली म्हणून इच्छा जात नाही. फोनजवळ दोनदा गेले, दोनदा परत आले, आणि दुपारी मस्त झोपलेसुद्धा.

मंगळवारी सुभद्रा आली, नेहमीसारखी, नेहमीच्या वेळेला. तिला काहीच कळलेलं नव्हतं. इतरांच्या आधी पोचली होती. पिशवीतून तांदळाच्या पिठाचे चार घावणे काढून तिने ओट्यावर ठेवले आणि थोडीशी लाजत म्हणाली, "मॅडम, एक गंमत सांगू? आमच्या भाचीनं, प्राचीनं, चाळीच्या मंडळात जाऊन सांगितलं. तर त्यांनी फळ्यावर लिहिलंय. ‘चाळीचे नाव काढणाऱ्या कु. सुभद्रा लवू घाडी यांच्या पुस्तकाबद्दल अभिनंदन.’ साठी उलटल्यावर कुमारी! मी म्हटलं पुसा, तर ऐकत नाहीत."

"अरे वा," मी म्हणाले.

"बाबा असते तर फळ्यासमोरून दहा वेळा गेले असते," ती म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिली मी. छापलेलं माझं नाव फक्त रेशनकार्डावर."

त्या वेळी बोलायला हवं होतं. दाराची बेल वाजायला अजून दहा मिनिटं होती. फोन माझ्या हाताशी होता. बुधवारपर्यंत पानं छापायला जाणार नव्हती, हेही मला माहीत होतं. मी काय केलं? मी घावणे ताटलीत काढले आणि म्हणाले, "नारळाचा रस आणला असतास तर बरं झालं असतं."

दहा दिवसांनी पुस्तक आलं. अवधूतने प्रत्येकाच्या घरी दोन-दोन प्रती पाठवल्या. माझं नाव ठळक होतं, छान होतं. मी त्यावर बोट फिरवलं. आनंद झाला, नाही असं नाही. साधारण एखाद्या कप चहाएवढा टिकला.

पुढच्या मंगळवारी सुभद्रा आली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. कोल्हटकर बाईंनी विचारलं, "सुभद्राचं नाव कसं गं राहिलं?" मी म्हणाले, "अवधूतला विचारा." गद्रे माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. रात्री अवधूतचा फोन आला. "सुभद्राताईंनी विचारलं, मॅडम. मला खोटं बोलता आलं नाही. बाकीच्या प्रती अजून गोदामात आहेत. शुद्धिपत्र चिकटवता येईल, तुम्ही मजकूर दिलात तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मजकूर लिहिला, चार वेळा लिहिला, आणि टॅक्सी करून काळाचौकीला गेले. चाळीच्या तोंडाशी मंडळाचा फळा होता. त्यावर अजून तेच लिहिलेलं होतं, रंगीत खडूने, कोपऱ्यात कमळ काढून. फळ्याजवळ दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकल्या.

दार प्राचीने उघडलं. ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. मला बघून तिने आत हाक मारली, "आत्या, तुझ्या मॅडम आल्यात," आणि चपला घालून निघून गेली. ‘या’ म्हणाली नाही.

सुभद्रा खुर्चीवर बसली होती. समोर ते पुस्तक होतं. मी उभीच राहिले. मनात बरंच ठरवून आले होते, पण तोंडातून आलं ते हे : "मला वाटलं, तू माझं नाव काढलंस. मी शेवटी शोधलं. ‘ह’च्या पुढे."

तिने मान हलवली. "अवधूत म्हणाला मला. तुम्ही सूचीवरून चिडला होतात." मग तिने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला, की ते ‘क’मध्ये आहे?"

हा प्रश्न ती विचारेल असं मला वाटलं नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं. ‘आत्ता कळलं’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

"रविवारी," मी म्हणाले. "तू घावणे घेऊन आलीस त्याच्या आधीच्या."

तिचा चेहरा तेव्हा बदलला. शुक्रवारचा फोन तिने गिळला होता, हे मला दिसलं. मंगळवार तिला गिळता येत नव्हता. ती उठली, खिडकीशी गेली, कुंडीतली तुळशीची दोन वाळकी पानं खुडली आणि परत येऊन बसली.

"काय आणलंय ते दाखवा," ती म्हणाली.

मी कागद दिला. मला तो पाठ होता. ‘प्रस्तुत ग्रंथाच्या अंतिम मुद्रणप्रक्रियेत काही तांत्रिक व अनवधानजन्य कारणांमुळे श्रीमती सुभद्रा घाडी यांच्या मोलाच्या संपादन-साहाय्याचा उल्लेख राहून गेला, याबद्दल मंडळ दिलगीर आहे.’

तिने तो दोनदा वाचला. मग ड्रॉवरमधून पेन्सिल काढली.

"‘तांत्रिक’ म्हणजे काय झालं मॅडम? मशीन बिघडलं?"

"नाही."

रेघ. "‘अनवधान’. फोन केलात तेव्हा लक्ष कुठे होतं तुमचं?"

रेघ.

"‘साहाय्य’. कोणाला साहाय्य केलं मी?" रेघ. "‘मंडळ दिलगीर आहे.’ मंडळानं काय केलंय? गद्रे सरांनी केलंय काही? हळबे सरांनी?"

"‘मोलाच्या’ तरी राहू दे," मी म्हणाले.

"मोल मी विचारलं होतं का?" रेघ.

सुरुवातीचं ‘प्रस्तुत ग्रंथाच्या’ वगैरेही गेलं. कागदावर तिचं नाव उरलं होतं आणि ‘उल्लेख राहून गेला’. ती पेन्सिलचं टोक त्या तीन शब्दांवर टेकवून बसली.

"राहून गेला नाही हा," ती म्हणाली. "काढला. कोणी काढला?"

गॅलरीतून कोणीतरी बादली घेऊन गेलं. शेजारी रेडिओ चालू होता. ती वाट बघत होती आणि या वेळी ती माझ्यासाठी उत्तर लिहून देणार नव्हती.

"मी," मी म्हणाले.

"मग ते लिहा. तुमच्या अख्ख्या कागदात ‘मी’ कुठेच नाही."

मी तिच्यासमोर बसून लिहिलं, ‘या पुस्तकाचे संपादन सुभद्रा घाडी यांनी केले आहे. त्यांचे नाव मी काढले.’ तिने वाचलं आणि पहिल्यांदाच तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू नव्हतं ते.

"‘नाव काढले’ नको," ती म्हणाली. "खाली फळ्यावर तेच लिहिलंय. लोक वाचतील आणि म्हणतील, मॅडमनी सुभद्राला केवढं मोठं केलं. ‘काढून टाकायला लावले’ लिहा."

"हे गद्रे वाचतील," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "माझे विद्यार्थी वाचतील. सगळं गाव वाचेल."

"हो," ती म्हणाली. "माझंही सगळं गाव खाली वाचतंय. मला फळा पुसता येईना, आणि पुस्तकही दाखवता येईना. जिन्यावर लोक विचारतात, आलं का गो पुस्तक? मी सांगते, छापखान्यात आहे."

पाणी तरी देतेस का, असं विचारायची हिंमत झाली नाही. तिने स्वतःहून उठून दिलं. पेला माझ्यासमोर ठेवताना म्हणाली, "मंगळवारी मी येणार नाही. पुढचं पुढे बघू. पण हे आज जाऊ दे अवधूतकडे. पाचशे चिठ्ठ्या आहेत, त्याला डिंक लावायलाच दोन दिवस लागतील."

मी कोरा कागद घेतला आणि चांगल्या अक्षरात उतरवलं. ‘या पुस्तकाचे संपादन सुभद्रा घाडी यांनी केले आहे. त्यांचे नाव मी काढून टाकायला लावले.’ दोन वाक्यं. सवयीने मी त्यात काही घालता येतं का बघितलं. एखादं ‘परंतु’, एखादं ‘त्या वेळच्या मनःस्थितीत’. कुठेच जागा नव्हती. काही काढता येतं का तेही बघितलं. एकही शब्द निघेना. जन्मभरात माझ्या नावावर इतकं साधं आणि इतकं खरं असं दुसरं काही छापून आलेलं नव्हतं.

मी खाली सही केली. आणि सांगायला लाज वाटते, पण सही करताना माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हेच, की हेसुद्धा मेलीला माझ्यापेक्षा चांगलं लिहिता यावं!